पडद्यावरचा लांब मासा

रिटायर झाल्यापासून आमच्या ह्यांना गळाचं वेड लागलं. परवानगी काढली, मित्राबरोबर अर्ध्यात लहानशी नाव घेतली आणि नावेवर मासे दाखवणारं यंत्र बसवलं. यंत्र पाण्यात आवाज सोडतं, तो खाली आदळून परत आला की पडद्यावर रेघा उमटतात. तळ पिवळा, मासा लाल, एवढंच मला कळत होतं. ह्यांनाही त्याहून जास्त कळत नव्हतं, पण ते कबूल करत नव्हते.

त्या दिवशी मुलीचे सासू-सासरे तेल्हाऱ्याहून पहिल्यांदाच आमच्याकडे अकोल्याला जेवायला येणार होते. व्याह्यांना मासे फार आवडतात. मी म्हटलं, सकाळीच बाजारातून आणून ठेवा. तर म्हणे, घरची नाव असताना बाजारात कशाला? मित्र गावाला गेलेला, म्हणून नाव सांभाळायला मला धरणावर नेलं. मी मसाला वाटून ठेवला आणि गेले.

पडद्यावर डावीकडे लाल ठिपके दिसले की हे नाव डावीकडे वळवायचे. तिथे पोचलो की ठिपके आणखी डावीकडे. उन्हात आम्ही घाण्याच्या बैलासारखे गोल फिरत होतो. शेवटी वैतागून म्हणाले, दगड सोड, नाव थांबव. नांगर म्हणून आमच्याकडे दोरीला बांधलेला दगडच होता. मी तो निम्म्यापर्यंत सोडला, हात भरून आला म्हणून दोरी तशीच धरून बसले.

तेवढ्यात पडद्यावर जाड लाल रेघ उमटली. लांबत लांबत पडदाभर झाली. ह्यांनी आधी फोटो काढला, मग व्याह्यांना फोन लावला. माणसाएवढा मासा खाली उभा आहे, वाटेत काही खाऊ नका, असं सांगून टाकलं.

मी दोरी जरा वर ओढली. रेघ वर चढली. खाली सोडली, रेघ उतरली. पुन्हा करून पाहिलं.

"अवो, तुमचा मासा माह्या हातात हाय," मी म्हटलं.

"तू गप ऱ्हाय, पळून जाईन तो."

मला मात्र उलगडा झाला. पडद्याच्या उजव्या कडेला दिसतं ते आत्ताचं, डावीकडे सरकतं ते होऊन गेलेलं. एका जागी नारळाएवढा दगड लोंबत राहिला तरी लांब रेघ उमटणारच. म्हणजे सकाळभर आम्ही मागे पडलेल्या माशांसाठी नाव वळवत होतो. मी सांगितलं, पण ह्यांनी दुपारपर्यंत त्या दगडापुढे गळ टाकून ठेवला.

घरी पोचेपर्यंत बाजारातले मासे संपले होते. वाटलेल्या मसाल्याचा झणझणीत रस्सा केला आणि बेसनाच्या पाटोड्या थापून त्यात सोडल्या.

व्याही ताटावर बसले आणि माशाची वाट पाहू लागले. ह्यांनी मोबाईल पुढे केला, फोटो दाखवला. म्हणाले, एवढा होता, ऐन वेळी दोरा तुटला.

मी रश्श्याचं पातेलं खाली ठेवलं. "दगड होता तो, व्याहीबुवा. दोरी म्याच धरली होती."

विहीणबाई तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. व्याही फोटोकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "दगडाचा रस्सा तं बेस झाला, ईनबाई. वाढा अजून."

पाहुणे जाईपर्यंत हे माझ्याशी बोलले नाहीत. बोलेनात का. मासा सांगून लेकीच्या सासऱ्याला बेसन खाऊ घालायची लाज मला वाटली, ह्यांना नाही.