दगडाला घाम फुटला

“हा चंद्राचा दगड आहे, एवढं लिहून सही करा.” आमच्या कॉलेजचे अध्यक्ष आबासाहेब यांनी मखमली डबी माझ्या टेबलावर ठेवली. नाशिकच्या त्या कॉलेजात मी भूगर्भशास्त्राचा टेम्पररी लेक्चरर होतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. दोन दिवसांनी विज्ञान प्रदर्शन होतं आणि उद्घाटनाला मंत्री येणार होते.

दगड त्यांच्या जावयाने मुंबईत एका गोऱ्या पाहुण्याकडून मिळवला होता. काळा बेसॉल्ट, मधे पांढरे स्फटिक.

“चंद्रावर नेमका कुठून उचललाय?” मी विचारलं.

“पंचनामा करताय का?”

“अंतराळवीर तिथं पंचनामाच करत होते, साहेब. आधी जागेवर फोटो, मग नंबर टाकलेली पिशवी. नळी ठोकून मातीचे थर काढले. भूकंप मोजायची यंत्रं मांडून आले. चंद्राचं वय किती, तो झाला कसा, हे शोधायचं होतं. जागा माहीत नसेल, तर दगड निम्मा मुका होतो.”

“तुमची कायम करायची फाईल माझ्याकडे आहे,” आबासाहेब म्हणाले.

तरी मी दोन स्फटिक खरवडून टेस्ट ट्यूबमध्ये टाकले आणि खाली स्पिरिटचा दिवा लावला. ट्यूबच्या तोंडाशी थेंब जमले. हे स्फटिक झिओलाइटचे होते. झिओलाइट पोटात पाणी धरून ठेवतं, तापवलं की सोडतं. चंद्रावरून आणलेले दगड मात्र तपासणीत कोरडे ठणठणीत निघाले होते.

“घाम आला असेल,” आबासाहेब म्हणाले.

“दगडाला?”

“प्रवास केवढा झालाय!”

आमचा शिपाई काशिनाथ जवळच्याच दिंडोरीकडचा. त्याने डबीत डोकावून पाहिलं. “सर, आमच्या विहिरीत लय निघाले असले. बांधाला लावलेत.”

आबासाहेबांनी डबी फट्‌कन मिटली. मी सही केली नाही.

उद्घाटनाला दगड होताच. आबासाहेब माइकवर म्हणाले, “चंद्रावरचे काळे डाग बेसॉल्टचे आहेत. तो आणायला अमेरिकेला माणसं पाठवावी लागली. आपल्या जिल्ह्यात तो घरबसल्या मिळतो!” टाळ्यांचा कडकडाट. मंत्र्यांनी दगड हातात घेऊन फोटो काढून घेतला.

मला कायम केल्याची ऑर्डर दीड वर्षाने निघाली. तेव्हापासून विद्यार्थ्यांना सांगत आलो: दगड उचलण्याआधी जागा लिहा, आणि अध्यक्षांचा दगड तापवण्याआधी नोकरीत कायम व्हा.