शिवराई आणि लग्नाचा कोट

नाणी जमवायचा नाद मला सहावीच्या वर्गाने लावला. लग्न होऊन नाशिकला आले त्याला फार दिवस झाले नव्हते. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मी पंचवटीतल्या एका शाळेत इतिहास शिकवत होते. पूर्वी लोक धान्य देऊन कापड घ्यायचे, मग कवड्या आल्या, मग नाणी आली, असं मी एकदा रंगून सांगत होते. मागच्या बाकावरची मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही हे बघितलंय?"

वर्ग हसला, मीही हसले. पण घरी जाताना ते डोक्यातून जाईना. कवडी मी पाहिली होती. बाकी सगळं पुस्तकातलंच.

त्या रविवारी मी द्राक्षांची एक रिकामी पेटी आणली, घासूनपुसून उन्हात ठेवली आणि आत पुठ्ठ्याचे कप्पे केले. पहिला कप्पा नाणी नव्हती त्या काळाचा, शेवटचा आजच्या सुट्ट्या पैशांचा. मधे सगळा इतिहास बसवायचा होता.

माझे यजमान नाशिकरोडला नोटांच्या छापखान्यात होते. पेटी बघून ते म्हणाले, "दिवसभर तिकडे पैसे बघायचे आणि घरी आलं की इकडेही पैसेच. मला जरा भिंतीकडे तोंड करून बसू दे." सासूबाईंचा आक्षेप वेगळा होता. "चालणारे पैसे देऊन न चालणारे आणायचे. आणि ही पोरांना शिकवते!"

तरी पेटी भरत गेली. कवड्या माहेरच्या सारीपाटातून आल्या; त्यानंतर माझे वडील चिंचोक्यांवर खेळायला लागले आणि त्याबद्दल बरेच दिवस माझ्याशी तुटक बोलत होते. भोकाचा पैसा शेजारच्या काकांच्या सायकलला वायसर म्हणून लावलेला सापडला. तो काढला तेव्हा सायकलचा मडगार्ड खडखडायला लागला, म्हणून त्यांना नवा वायसर आणून दिला. ढब्बू पैसा, आणा, चवली, नया पैसा अशी एकेक मंडळी येऊन बसली. पहिल्या कप्प्यात मी मूठभर बाजरी आणि खणाचा तुकडा ठेवला होता. पावसाळ्यात त्या बाजरीत पोरकिडे झाले आणि थेट ब्रिटिश राजवटीपर्यंत फिरून आले. सासूबाईंनी सगळा इतिहास सुपात घेऊन पाखडला.

अडलं होतं ते शिवराईपाशी. मराठ्यांच्या राज्यातलं तांब्याचं नाणं नाही आणि इंग्रजांची चार प्रकारची आहेत, हे मला नाशिकमध्ये राहून बरं वाटेना. सराफ बाजारात विचारलं, तर ते सोन्याचंच काढून दाखवायचे.

आणि एका दुपारी ती शिवराई आपल्या पायांनी आमच्या दारात आली. बोहारीण आली होती. जुने कपडे घेऊन भांडी देणारी ही बाई आमच्या आळीत नेहमी यायची. ती पाटी उतरवायला वाकली आणि तिच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात एक काळपट, वेडंवाकडं तांबं लोंबलं. त्यावर मला 'शिव' एवढी अक्षरं दिसली.

"अगं बाई!" मी ओरडलेच. "ही मला दे. काय घेशील?"

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. बोहारणीने नाणं पदराखाली सरकवलं. "लय जुनी हाय ताई. माझ्या आज्जीची. दृष्ट लागत नाय हिच्यानं."

"पैसे देते ना मी."

"पैसे नको. कापडं दाखवा."

मी आत धावले आणि दोन साड्या घेऊन आले, त्यातली एक चांगली होती. सासूबाईंनी त्या माझ्या हातातून काढून घेतल्या आणि हळूच म्हणाल्या, "तू आत जा. तुझ्या तोंडावर सगळं दिसतंय."

मी दाराआड उभी राहिले. सासूबाई ओट्यावर मांडी घालून बसल्या आणि पातेल्यांच्या बुडावर टिचक्या मारायला लागल्या. शिवराईचा विषयच नाही. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "ते गळ्यातलं टाकून दे बाई. मान काळी पडली तुझी."

"टाकू कशी? सूनबाईला पाहिजे ना ती."

"तिचं काय घेऊन बसलीस! ती सायकलीचे वायसरसुद्धा जमवते."

बराच वेळ हे चाललं. साडी नको झाली, विजार नको झाली, धोतराला तर तिने हातही लावला नाही. शेवटी सासूबाई उठल्या, आतल्या ट्रंकेतून माझ्या यजमानांचा लग्नातला कोट काढला आणि मला काही कळायच्या आत तिच्या पाटीत टाकला. बदल्यात शिवराई आली, आणि वर एक झाकणासकट डबा.

"आई, तो कोट!" मी म्हणाले.

"लग्न झालं ना त्याचं? परत कशाला लागतोय?"

यजमानांना पत्ताच नव्हता. थंडी पडली तरी त्यांनी ट्रंक उघडली नाही. मग एका बुधवारी ते गोदाकाठच्या बाजारातून कांदे-बटाट्यांबरोबर एक कोट घेऊन आले, आणि आले ते तो अंगात घालूनच.

"बघ, जुना आहे पण शिवल्यासारखा बसलाय. तो माणूस ऐकत नव्हता, मी निम्म्यावर आणला त्याला."

मी आणि सासूबाई एकमेकींकडे बघायचं टाळत होतो. त्यांनी ऐटीत आतल्या खिशात हात घातला. हात बाहेर आला तेव्हा बोटांना पिवळ्या अक्षता चिकटलेल्या होत्या. "कुणाच्या तरी लग्नातला असणार," ते म्हणाले. मग त्यांनी अस्तर बघितलं, आमच्या दोघींकडे बघितलं आणि ते झोपाळ्यावर बसले.

"आई, हा माझा आहे?"

"आता आहे," सासूबाई म्हणाल्या.

मला वाटलं आता आवाज चढणार. पण त्यांनी एवढंच विचारलं, "मग मी घासाघीस बरी केली ना?"

पुढे नाण्यांच्या एका जाणकाराला शिवराई दाखवली. ती महाराजांच्या वेळची नसून बरीच नंतरची, पेशवाईतली असावी आणि तसली पोत्यांनी सापडतात, असं ते म्हणाले. मी हिरमुसले. सासूबाईंनी मात्र कप्प्याखाली लावलेली माझी चिठ्ठी बदलू दिली नाही. त्यावर नुसतं 'शिवराई' लिहिलेलं होतं, आणि पेशवाईतल्या त्या नाण्यालाही शिवराईच म्हणत, म्हणजे ते खोटं नव्हतं.

ऐंशीच्या दशकात केव्हातरी शाळेच्या स्नेहसंमेलनात ती पेटी प्रदर्शनात ठेवली. मी मोठे तक्ते रंगवले होते. सासूबाई बघायला म्हणून आल्या आणि पेटीपाशी खुर्ची घेऊन बसल्या. एका आण्यात किती भेळ यायची, चवली हरवली म्हणून आईने कसं झोडपलं, असं त्या सांगत बसल्या. पोरांचा तिथे गराडा पडला आणि माझ्या तक्त्यांपाशी फक्त शाळेचा शिपाई उरला, तोही खिळे परत मागायला आलेला.

पुढच्या वर्षी मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, या वेळी पेटी आणि तुमच्या सासूबाई, एवढंच पाठवा. तुम्ही पाण्याच्या व्यवस्थेवर राहा."