मुरूम लागलाच न्हवता

भूतबीत मी कवाच मानत न्हाय, छातीठोक सांगतो. लाईट गेली की मात्र बायकोचा पदर धरतो.

मोबाईलमध्ये बोलून लिवतोय मंडळी, चुकलं तर त्याच्या माथी मारा.

आमी लोणी काळभोरचं. सोलापूर रोडपासनं आत, निव्वळ काळ्या मातीत घर. आईसाठी मागं एक खोली मी सोताच्या हातानं बांधली. काळी माती पावसात फुगती, उन्हात आकसती — म्हणून पाया खालचा कडक मुरूम लागेस्तवर खणायचा असतो. मी गुडघाभर खणलं, कंबर धरली, आन् आईला सांगितलं, "मुरूम लागला." खिडकी ठेवायची तर इसरलोच. दार तेवढं लोखंडी लावलं, मजबूत पायजे म्हणून.

पावसाळ्यात फरशी उंटावानी झाली... हितं उंचवटा, तितं खड्डा. ताटातलं कालवण आपसूक एका अंगाला जायचं.

मागच्या श्रावणात चार दिवस झड लागलेली. सकाळी आई आत, दार लोटलेलं — आन् उंबऱ्यापाशी फरशी फुगून दार खालनं गच्च आवळलं. आईला दमा. पंप सैपाकघरात. आतनं नुसती शिट्टीवानी धाप ऐकू येत हुती. लाथा मारल्या, खांदा मारला... खांदाच हलला, दार न्हाय. बायको पंप घिऊन मागं हुबी. द्यायचा कुठनं?

शेवटी उंबऱ्यावर पालथा पडलो. दाराच्या कडेच्या केसाएवढ्या फटीला तोंड लावलं. "आये, ऐकतीस का? मुरूम लागला न्हवता गं. मी खोटं बोललो."

खाली कुणीतरी जडशीळ कूस बदलल्यागत झालं. डोळ्यांदेखत फरशी दोन बोटं बसून सपाट झाली... दार सुटलं, मी तोंडावर आत. बायको माझ्या पाठीवर पाय दिऊन आईपाशी पोचली. दोन फवारे मारले, धाप बसली. मी तितंच पडून रडत हुतो.

दुपारी मिस्त्रीनं फरशी ठोकून बघितली. "ओली काळी माती खाली बसत नसती राव. वाळल्याबिगर न्हायच. आन् पाऊस तर चालूच हाय."

"मंग?"

"मंग चहा सांग."

दिवाळी झाली, फरशी अजून सपाट. का, ते कुणालाच सांगता यीना. आई ठणठणीत हाय, मला तेवढं बास. परवा तिला म्हणलं, "बघ, खरं बोललो आन् भुईला पटलं."

आई शेंगा सोलत हुती. वर बघितलंबी न्हाय.

"मुरूम लागला म्हणलास, मला त्याच दिशी कळलं हुतं. तू कंचं काम बुडापातुर नेलंयस? शाळाबी तिसरीतच सोडलीस."