झेल्माबाईंच्या नावाची ठेव

लाटव्हियातल्या आमच्या ताल्सी गावच्या शाळेत झेल्मा काल्नबेर्झा इंग्रजी शिकवायच्या आणि मी भूगोल. राहायलाही आम्ही एकाच जिन्यावर, दारासमोर दार. त्यांच्या घरातून मांजर हाकलल्याचा आवाज आला की मला कळायचं, बाई उठल्या.

ज्या भाषेत बोलायला गावात दुसरं माणूस नाही, ती भाषा त्यांनी जन्मभर शिकवली. इंग्रज माणूस त्यांनी पन्नाशी उलटेपर्यंत पाहिलेला नव्हता. रशियन अंमलात बाहेरच्या माणसाशी बोलणं म्हणजे नसती आफत. पोरं विचारायची, "बाई, हे शिकून उपयोग काय?" त्या म्हणायच्या, "पावसाळी बूट उन्हातच घेऊन ठेवायचे असतात. बस खाली."

मग देश रशियनांच्या हातून सुटला, आणि बुटांची वेळ आली. युद्धाच्या धामधुमीत होड्यांतून पळालेली माणसं कॅनडात, स्वीडनमध्ये, ऑस्ट्रेलियात म्हातारी झाली होती. ती मागे राहिलेल्यांना पत्रं आणि पैसे पाठवू लागली. सोबत बँकांचे कागद. घरात मेंढीची लोकर ठेवावी तसे उशीत पैसे ठेवणारी आमची माणसं. ती कागद घेऊन झेल्माबाईंच्या दारात उभी राहू लागली.

दुधाच्या डेअरीतली आल्विने पहिल्यांदा आली तेव्हा मी तिथेच बसले होते. टोरांटोहून दिरानं पैसे पाठवले होते आणि कागदावर तिच्या नावापुढे 'बेनिफिशिअरी' लिहिलं होतं. तिनं शेजारच्या पोराकडून शब्दकोशात बघून घेतलं होतं. आली ती तापलेलीच.

"बाई, मला सांगा, मी उपकार घेणारी? त्याच्या आईचं अंथरूण शेवटपर्यंत मी काढलं. हा तिकडे मोटारी फिरवत होता. आणि आता मी उपकाराची धनीण?"

"अगं, उपकार नाही. बस आधी."

"मग काय आहे?"

"तू नुसती घेणारी. तो पाठवणारा, तू घेणारी. बँकेला तुमच्या घरातलं काही माहीत नाही."

आल्विने जरा निवली. "मग तसं सरळ लिहायला काय होतं मेल्यांना?"

बाई हसल्या, पण तो प्रश्न त्यांच्या डोक्यात राहिला. आपल्या भाषेत बँकेचं काही बोलायचं तर अर्धे शब्द जर्मन जमीनदारांचे, अर्धे रशियन कारकुनांचे. जुन्या स्वतंत्र काळातले चांगले शब्द होते, ते रशियनांनी हद्दपार केलेल्या आजोबांबरोबर सायबेरियात गेले होते. बाई ते शोधू लागल्या. वहीत एका बाजूला इंग्रजी शब्द, समोर लाटव्हियन. ठेवीला आमच्याकडे 'नोगुल्दीयुम्स' म्हणतात, म्हणजे शब्दशः निजवलेलं. बाईंना तो फार आवडायचा. म्हणायच्या, "बघ बिरुता, बाळाला निजवतात तसे पैसे निजवायचे. किती मायेचा शब्द आहे."

"मेलेल्यालाही निजवतातच की मातीत," मी म्हणायचे.

"तुझं आपलं काहीतरीच."

अशात एगॉन्स परत आला. एगॉन्स प्राउलिन्श आमचाच विद्यार्थी. बाप दारूत गेलेला, आई रात्रपाळीला. पोरगं दुपारी शाळेतून सुटलं की बाईंच्या घरी. तिथं त्याला सूप मिळायचं, राय धान्याचा काळा पाव मिळायचा आणि वर इंग्रजी फुकट. बाईंना मूल नव्हतं. कुणी विचारलं तर 'माझा एगॉन्स' म्हणायच्या, आणि पुढे काही सांगायच्या नाहीत. तो राजधानीत, रीगाला शिकला आणि गावात नवी बँक उघडली तेव्हा तिचा शाखाप्रमुख होऊन आला. निळा सूट, हातात फुलं. आमच्याकडे फुलं विषम संख्येत द्यायची असतात, सम फक्त मयताला. त्यानं बरोबर मोजून आणली होती.

"बाई, परदेशी सल्लागारांनी इंग्रजीत ढीगभर नियम पाठवलेत. रीगातल्या भाषांतरकारांनी जे केलंय ते वाचून माझी आई रडेल. तुम्ही करा. लोकांना कळेल असं."

"मी बँकवाली नाही रे."

"म्हणून तर. मला बँकवाला नकोय, मला बाई हव्यात. आणि पुस्तिकेवर तुमचं नाव छापणार. भाषांतर, झेल्मा काल्नबेर्झा. मोठ्या अक्षरात."

तो हिवाळा बाईंनी त्या कामाला दिला. एगॉन्स संध्याकाळी यायचा, स्वयंपाकघरात बसून जिऱ्याचं चीज खात शब्दांवर वाद घालायचा. भिंतीपलीकडून मला दोघांचं हसणं ऐकू यायचं. इतक्या वर्षांत ते घर कधी एवढं हसलं नव्हतं.

एका शब्दावर मात्र गाडी अडली. त्या संध्याकाळी मीही होते. इंग्रजीत होतं 'सबऑर्डिनेटेड' ठेव. व्याज इतर ठेवींपेक्षा बरंच जास्त. पण बँक बुडालीच, तर आधी बाकी सगळ्यांचं देणं फेडायचं आणि काही उरलंच तर या लोकांना. बाईंनी 'पाकार्तोत्स' असा शब्द दिला होता, म्हणजे खालच्या पायरीवरचा. खाली एक ओळ लिहिली होती : बँक बुडाल्यास हे पैसे सगळ्यांत शेवटी मिळतील, कदाचित मिळणारही नाहीत.

एगॉन्सनं कपाळाला हात लावला. "बाई! 'पाकार्तोत्स' वाचलं की आपल्या माणसाला 'पाकार्त्स' दिसणार. फासावर लटकवलेला! लटकवलेल्या ठेवीत कोण पैसे ठेवेल?"

आम्ही तिघंही पोट धरून हसलो. मग बाई डोळे पुसत म्हणाल्या, "हसण्यावारी नको नेऊस. शब्द बरोबर आहे. आणि खालची ओळ तर राहिलीच पाहिजे. माणसाला कळलं पाहिजे, तो कुठल्या पायरीवर उभा आहे."

"राहील. तुम्ही म्हणाल तसं."

पुस्तिका छापून आली. गावच्या छापखान्यातल्या इमान्ट्सनं स्वतः जुळणी केली होती. बाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. शब्द जागच्या जागी, ती ओळही होती. बँकेच्या उद्‌घाटनाला शाळेच्या गायकवृंदानं गाणी म्हटली आणि एगॉन्सनं सगळ्यांसमोर बाईंचा हात ओठांना लावला. बाजारात लोक म्हणू लागले, "बाईंनी लिहिलंय ना, मग ठीक आहे." ज्यांना शाळेत बाईंनी नापास केलं होतं, ते तर जास्तच विश्वासानं म्हणत. "ती बाई कधी एक मार्क उगाच देत नसे."

दुसऱ्या वर्षी वसंतात बँकेचं दार बंद झालं. देशात तेव्हा बँका कोसळतच होत्या, पण आपली कोसळेल असं कुणाला वाटतं? दारावर एक चिठी, आत अंधार. लोक दाराशी उभे होते, कुणी ओरडत नव्हतं. आमची माणसं ओरडत नाहीत, त्यानं जास्त भीती वाटते.

आल्विने तिथून तडक आमच्या जिन्यावर आली. नवरा गेल्यावर तिनं वाट्याचं जंगल विकलं होतं, ते सगळं बँकेत होतं. तिच्या हातात बँकेचं पत्रक होतं, त्या पुस्तिकेवरून नंतर छापलेलं.

"बाई, तिथं लोक म्हणतात, साध्या ठेवीवाल्यांना थोडं तरी मिळेल, 'विशेष' वाल्यांना काहीच नाही. असं उलटं कसं? विशेष म्हणजे वरचं ना? तुम्हीच लिहिलंय."

"मी? विशेष?"

"हे काय, तुमचं नाव."

बाईंनी चष्मा लावला. 'पाकार्तोत्स'च्या जागी 'विशेष ठेव' छापलेलं होतं. ती खालची ओळ नव्हती. तिच्या जागी होतं : आमच्या विश्वासू ग्राहकांसाठी. आणि तळाशी, मोठ्या अक्षरात, भाषांतर, झेल्मा काल्नबेर्झा.

त्यांनी ते पुन्हा वाचलं. मग खुर्ची चाचपली आणि बसल्या. "हा शब्द माझा नाही, आल्विने."

"नाव तर तुमचंच आहे."



दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी बसनं रीगाला गेलो. वाटेत बाई सारख्या म्हणत होत्या, "त्याला न विचारता वरच्यांनी केलं असणार. बघ तू. तोही बिचारा अडकला असणार." एगॉन्स बँकेच्या मुख्य कचेरीत सापडला. त्यानं आम्हाला आत नेलं, कॉफी मागवली.

"एगॉन्स, शब्द कुणी बदलला?"

त्यानं कपात साखर ढवळली. बराच वेळ ढवळली. "बाई, तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? शब्दाला शब्द ठेवू नका, वाचणाऱ्याच्या कानाला गोड लागेल असं लिहा."

"ते कवितेचं होतं रे."

"भाषा ती भाषाच. तुमचा शब्द घाबरवत होता. मी जरा मऊ केला."

"आणि ओळ?"

"जागा नव्हती."

"माझ्या नावाला जागा होती?"

एगॉन्स पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघून म्हणाला, "तुमच्या नावाशिवाय कोण आलं असतं, बाई? ही तर तुमची पत आहे गावात. अभिमान वाटायला हवा."

मला वाटलं बाई आता त्याच्या थोबाडीत देतील. त्या नुसत्या लहान झाल्यासारख्या दिसल्या. म्हणाल्या, "ठीक आहे. झालं ते झालं. शनिवारी गावात सभा आहे. तू ये आणि तुझ्या तोंडानं एवढंच सांग, की शब्द तू बदललास. बाकी मी काही मागत नाही."

"येतो. माझा शब्द."

परतीच्या बसमध्ये त्या म्हणाल्या, "येईल तो. मनाचा वाईट नाहीये."

शनिवारी सकाळी जिल्ह्याचं वर्तमानपत्र आलं. पहिल्याच पानावर बँकेचं निवेदन, खाली शाखाप्रमुख म्हणून एगॉन्स प्राउलिन्शचं नाव. ग्राहकांच्या गैरसमजाबद्दल बँकेला खेद आहे. स्थानिक भाषांतरातील चुकीमुळे काही संज्ञांचा अर्थ स्पष्ट होऊ शकला नाही.

मी तो अंक लपवणार होते, पण बाईंच्या दाराखालून पोस्टवालीनं त्यांचा अंक आधीच सरकवला होता. मी आत गेले तेव्हा त्या खिडकीशी उभ्या होत्या. रडत नव्हत्या. मला म्हणाल्या, "बिरुता, 'स्थानिक' म्हणाला. नाव पण नाही घेतलं."

"जाऊ नका सभेला."

"का? मी काय केलंय?"

सांस्कृतिक भवन माणसांनी भरलं होतं. बाई पाहुण्यांकडे जायचा तो करडा सूट घालून मंचावर एकट्या उभ्या राहिल्या. शेजारची खुर्ची एगॉन्ससाठी ठेवलेली, रिकामी. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, निजवलेले पैसे उठणार कधी?" थोडे हसले. दुसरा म्हणाला, "तुम्हाला किती मिळाले त्यातले? पोरगंच होतं ना तुमचं!"

बाईंनी हात वर केला, वर्गात करायच्या तसा, आणि सवयीनं भवन गप्प झालं. त्यांनी इंग्रजी शब्द सांगितला, त्याचा अर्थ सांगितला, आपण कोणता शब्द दिला होता ते सांगितलं. "'विशेष' मी लिहिलं नाही. पण नाव माझं छापलं गेलं, आणि ते बघून तुम्ही पैसे दिलेत. मी लिहिलेली धोक्याची ओळ त्या पत्रकात राहिली असती, तर तुम्ही दिले नसतेत."

"आता काहीही सांगाल!" कुणीतरी म्हणालं.

तेव्हा इमान्ट्स उठला. छापखान्याचा इमान्ट्स कानानं अधू, त्यामुळे फार मोठ्यानं बोलायचा. "त्या पत्रकाची जुळणीही मी केली. शब्द एगॉन्सनं बदलायला लावला, माझ्यासमोर उभं राहून. मी म्हटलं, बाईंना विचारलंत का? म्हणाला, बाईंनीच सांगितलंय. मी ऐकलं. मी बहिरा आहे, पण एवढं ऐकलं."

भवनात कुजबुज झाली. कुणी बाईंकडे बघेना. काही जण सभा संपायच्या आतच निघून गेले, काहींनी जाता जाता बाईंचा हात दाबला. हात दाबणाऱ्यांत आल्विने नव्हती.

चौकशी झाली. बाईंना दोनदा बोलावणं आलं, त्यांनी जे होतं ते सांगितलं. एगॉन्सनं सांगितलं की वरून हुकूम होता, वरच्यांनी सांगितलं की शाखेनं परस्पर केलं. वर्षं गेली, प्रकरण विरघळलं. साध्या ठेवीवाल्यांना थोडंफार मिळालं, 'विशेष' वाल्यांना काही नाही. एगॉन्स रीगातच एका विमा कचेरीत लागला, असं कुणीतरी सांगितलं. बाईंना त्यानं पत्र लिहिलं नाही, फोन केला नाही. नाताळला त्याचं कार्ड यायचं, तेही थांबलं. मला वाटतं बाईंना बँकेपेक्षा ते जास्त लागलं. एकदा सूप ढवळता ढवळता म्हणाल्या, "मी विचार करते, तो माझ्या घरी चीज खात होता तेव्हा त्याच्या मनात ठरलेलं होतं का गं? की नंतर ठरलं?"

"काय फरक पडतो?"

"मला पडतो."

आल्विनेकडे त्या स्वतः गेल्या होत्या. मी बरोबर होते. आल्विनेनं दारातच सांगितलं, "बाई, तुमचा दोष नाही, कळतं मला. पण मी त्या कागदावर दुसरं काही वाचलंच नव्हतं. फक्त तुमचं नाव वाचलं होतं. आता तुम्हाला बघितलं की तेच दिसतं." तिनं दार हळूच लावलं, आपटलं नाही.

मी जिना उतरताना म्हटलं, "होईल हळूहळू."

"नाही होणार. आणि तिचं काही चुकत नाही."

निवृत्तीनंतर बाई वेंटस्पिल्सला बहिणीकडे राहायला गेल्या. सामान चढवायला मी होते, इमान्ट्स होता, आणि शाळेतून कुणीतरी एक पुष्पगुच्छ पाठवला होता. पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. बंदराकाठी फिरताना भाजलेल्या माशांचा वास येत होता, बाई जरा वजनानं भरल्या होत्या. मी विचारलं, "इथं कुणी कागद घेऊन येतं का तुमच्याकडे?"

"इथं कुणाला माहीतच नाही मी काय शिकवायचे ते," त्या म्हणाल्या. "दुकानात, चर्चमध्ये, सगळे झेल्मा म्हणतात. बाई कुणी म्हणत नाही." थोडं चालल्यावर म्हणाल्या, "बरं वाटतं."