यवतमाळच्या रॉकेटबाई

रॉकेटबाईंना हळू बोलता येत नसे. यवतमाळच्या कॉलेजात त्या पदार्थविज्ञान शिकवत आणि त्यांचा तास शेजारच्या वर्गालाही फुकट मिळे. दक्षिणेत समुद्रकाठी रॉकेट सोडण्याचं केंद्र नुकतंच निघालं होतं. तिथं आपल्या मुलींनी नोकरीला जावं, हा त्यांचा ध्यास. म्हणून हे नाव.

वर्गात आम्ही मुली दोनच. त्यातली हुशार ती दुसरी. मी विज्ञान घेतलं होतं ते तिच्याशेजारी बसता यावं म्हणून. पुढं तिचं लग्न ठरलं आणि बाईंच्या ध्यासाच्या वाट्याला मी एकटी उरले.

कॉलेज सुटलं की बाई मला मैदानाच्या एका टोकाला उभं करत आणि दुसऱ्या टोकावरून मुलाखतीचे प्रश्न विचारत. मी पुटपुटे.

"तुह्यं तुलेच ऐकू येऊन नाही राह्यलं," त्या ओरडत, "त्या साहेबाले काय येईन?"

तिथं चरणाऱ्या शेळ्यांनाही एव्हाना हवेचा दाब पाठ झाला असावा. माझा मात्र चुकायचा.

मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा बाबा अडले. ते राजूरच्या कोळसा खाणीत कारकून. बाई एस.टी.नं थेट घरी आल्या.

"पोरीले रॉकेटात बसवता काय?" बाबांनी विचारलं.

"नाही हो. खाली बसून त्यानं धाडलेले आकडे वाचाचे."

"अन् चुकली तं?"

"चुकीनच. तुम्ही पहिल्या दिवशी नाही चुकले?"

आतून आईनं चहा टाकल्याचा आवाज आला, म्हणजे परवानगी मिळाली.

मुलाखतीत पहिलं उत्तर मी असं खणखणीत दिलं, की बाहेरचा शिपाई घाबरून आत डोकावला. साहेब हसले. हसता हसताच त्यांनी मला घेतलं असावं.

धामणगाव स्टेशनवर बाई पोचवायला आल्या. मी रडत होते. त्या म्हणाल्या, "मले खुशाली नको लिहू. काय चुकलं ते लिहीत जा. पुढच्या पोरीच्या कामी येईन."

मी इमानानं लिहीत गेले. मजकुराची कधी टंचाई पडली नाही.

काही वर्षांनी सकीना आमच्याकडे रुजू झाली. यवतमाळच्या एका मोटार मेकॅनिकची ही मुलगी, बाईंचीच विद्यार्थिनी. रॉकेट सुटायच्या आधी तिनं माझ्या आलेख काढणाऱ्या यंत्रात वाकून पाहिलं आणि अदबीनं म्हणाली, "ताई, कागज उलटा लागला तुमचा."

"हे तुला कोणी शिकवलं?"

"बाईंनी. तुमच्या पत्रांवरून. आमचा पहिला महिना तुमच्यावरच होता जी."

मी कागद सरळ केला. रॉकेट गेलं, आकडे नीट उतरले, आणि त्या दिवशी बाईंना लिहायला माझ्याजवळ पहिल्यांदाच नवं काही नव्हतं.