दुसरा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिला सगळे ‘क्लच’ म्हणत. शिकाऊ गडी भर चौकात गाडी बंद पाडायचा आणि ही खिडकीबाहेर बघत म्हणायची, “क्लच दाबा. रडायचं नंतर.” तिच्या पायाशी दुसरा ब्रेक असे. शिकणाऱ्याला वाटायचं, गाडी आपणच चालवतोय. वाटू द्यायचं.

स्तनात गाठ निघाली, ती कॅन्सरची ठरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, केमोनं बीजकोश निकामी होऊ शकतात. पुढे मूल हवं असेल तर आधी इंजेक्शनं घेऊन स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवू. खात्री नाही, पण आशा राहील. सुरुवात मात्र लगेच हवी.

क्लचला ती आशा हवी होती. पण ती राहायची काकांकडे, आणि त्या घरात काकांना विचारल्याशिवाय पंखासुद्धा फिरत नसे.

काकांनी बैठक भरवली. बोलण्याआधी ते घसा असा खाकरत, की आता काहीतरी थोर बाहेर पडणार. पडायचं ते “बघू”.

“लग्नाचा पत्ता नाही आणि पोरांची साठवण,” काका म्हणाले. “बघू.”

“आणि लाइट गेली तर?” हे मामा, काकूंचे भाऊ. ते शंका काढायला येत आणि बिस्किटं संपली की जात.

“तुम्ही म्हणाल तसं,” काकू म्हणाल्या. लग्न झाल्यापासून त्या एवढंच म्हणत आल्या होत्या.

बैठकांवर बैठका झडल्या. दर बैठकीत मामा फ्रिज उघडून गार पाणी घेत. तिथंच काकांचा इन्सुलिनचा डबा. त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. काकांचीही नाही, सुई दिसली की वाघाची शेळी व्हायची. भिंतीकडे तोंड करून ते दंड पुढे करत आणि काकू टोचत.

अखेर एका संध्याकाळी काकांनी घसा खाकरला. “माझी हरकत नाही. करू दे सुरुवात.”

क्लच पोटाशी उशी धरून बसली होती.

“सकाळीच बीजं काढून झाली,” काकू म्हणाल्या. “गोठवूनही ठेवली. परवा केमो.”

“अगं, पण इंजेक्शनं?”

“तुमच्याच डब्यात होती, वेगळ्या पिशवीत. तुम्हाला टोचलं की तिला टोचायचे.”

काकांनी मामांकडे बघितलं. मामांनी बिस्किट घेतलं.

“मला न विचारता?”

“विचारलं की. तुम्ही बघत होतात.”

“काकू, हसवू नका, पोट दुखतंय,” क्लच म्हणाली. मग काकांकडे वळली. “काका, गाडी मात्र छान चालवलीत हं.”