जास्तीचा ठोका

वाहेदनं मला भर वरातीत थोबाडीत मारली होती. चांदूर रेल्वेच्या आमच्या बँडचा तो मास्टर, क्लॅरिनेट वाजवणारा. मी, ओमप्रकाश, ढोलवाला. घोडीपुढं वाजवताना हात रंगात आला आणि ठेक्याच्या शेवटी मी आपल्या मनानं एक ठोका जास्तीचा टाकला. एवढाच गुन्हा! "गलत!" तो ओरडला आणि नवरदेवासमोर माझा गाल लाल केला. शिकवलं तेवढंच वाजवायचं, हा त्याचा धर्म. मी बँड सोडला. नऊ वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

मग कापसाला भाव नसलेली ती वर्षं आली. लग्नं बँडवाचून लागू लागली, बँड मोडला, आणि दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात वाहेदला लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. एके दिवशी त्याची एकुलती लेक फलक माझ्या दारात उभी.

"काका, पंधरा दिवसांनी माहा निकाह हाय. अब्बूनं सोताच्या तोंडानं इजाजत देल्याबिगर मी कबूल म्हणणार नाही. तुमी चाला."

"मी कावून? त्यानं तर मले हाकललं."

"अमरावतीचे डॉक्टर म्हणते, बोलणं अडलं तरी गाणं निघू शकते. ठरलेलं नको, सुचन ते वाजवा, अन् त्यायले जवाब देऊ द्या. तसं वाजवणारं दुसरं कोन हाय?"

माझा राग गेला नव्हता. पोरीकडं पाहून गेलो.

रोज त्याच्या खाटेजवळ पत्र्याचा डबा उपडा घालून वाजवायचो. तो डाव्या हातानं जवाब द्यायचा, पण वरातीचा तोच जुना ठेका, मोजूनमापून. मी काही नवीन टाकलं की भिंतीकडं तोंड. गळ्यातून नुसता हुंकार. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटच्या दिवशी मी डबा भिरकावून घरी आलो.

निकाहच्या दिवशी बाळापूरचं वऱ्हाड मांडवात बसलं. पोरीसाठी मीही गेलो, वाहेदजवळ बसलो. फलक पडद्याआड. काजीसाहेबांनी विचारलं, "वाहेदभाई, निकाह पढाने की इजाजत है?"

वाहेदनं तोंड उघडलं. जबडा थरथरला. आवाज नाही. कपाळावरून घाम ओघळू लागला.

"गर्दन हिला दो, तो भी चलेगा," काजीसाहेब मायेनं म्हणाले.

पडद्याआडून फलक म्हणाली, "नहीं. अब्बू बोलेंगे."

कुजबुज वाढली. नवरदेवाचे चाचा उठून उभे राहिले. "ये क्या तमाशा है? चलो, उठो सब!" दोघंतिघं चपला शोधू लागले.

माझ्या पुढ्यात खजुराची परात होती. माझा हात तिच्यावर पडला. वरातीचा ठेका, आणि शेवटी तो माझा जास्तीचा ठोका.

वाहेदची मान गर्रकन वळली. मी पुन्हा वाजवलं, पुन्हा तोच आगाऊपणा केला.

"गलत!"

सारा मांडव दचकला. नऊ वर्षांपूर्वीचाच आवाज, तोच माज! माझे डोळे भरून आले, पण हात थांबवला नाही. तो संतापानं लालबुंद झाला, डाव्या हातानं मांडीवर ठेका धरला आणि मला बरोबर वाजवून दाखवायला वरातीच्या चालीवर गाऊ लागला.

"मेरी बेटी के निकाह की... इजाजत..."

तिथं ठेका संपला. एक शब्द उरला. वाहेद माझ्याकडं बघत राहिला.

मी जास्तीचा ठोका मारला.

"है!"

"कबूल है," फलक पडद्याआडून ओरडली. काजीसाहेबांनी तिला अजून विचारलंही नव्हतं.